द सीक्रेट हिस्टरी (कादंबरी)

द सीक्रेट हिस्टरी ही अमेरिकन लेखिका डॉना टार्ट यांची पहिली कादंबरी होय. ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड ए. क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यातील हॅम्पडेन या काल्पनिक महाविद्यालयात प्राचीन ग्रीक भाषा शिकणारे सहा विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक हा या कथेचा परिवार आहे. सहांपैकी पाच जण मिळून सहाव्याचा खून करतात. ही घटना लेखिकेने आरंभीच्या छोट्या पूर्वकथनातच सांगून टाकली आहे. साहजिकच खून कोणी केला, हा रहस्यकथेतील नेहमीचा प्रश्न येथे उरत नाही. सुसंस्कृत आणि बुद्धिमान अशी ही मुले त्या टोकापर्यंत कशी पोहोचली आणि त्यानंतर त्यांचे काय झाले, या दोन प्रश्नांभोवती कादंबरी उभी आहे. पूर्वकथन, दोन खंड आणि उपसंहार अशी तिची रचना असून संपूर्ण निवेदन प्रथमपुरुषी आहे.

महाविद्यालयाच्या आवारात घडणाऱ्या कादंबऱ्यांची इंग्रजीत मोठी परंपरा आहे. त्यांतील बऱ्याचशा प्राध्यापकांचे हेवेदावे आणि विद्यापीठीय राजकारण यांवर विनोदी अंगाने लिहिलेल्या आहेत. टार्ट यांनी तेच आवार घेऊन त्यात शोकांतिका मांडली. विद्येचे आणि सौंदर्याचे वेड, त्यातून येणारा अभिजनपणाचा अहंकार आणि त्या अहंकाराच्या आश्रयाने होणारे नैतिक अधःपतन हा या कादंबरीचा विषय आहे.

शीर्षक

प्रोकोपियस हा सहाव्या शतकातील बायझंटाईन इतिहासकार. सम्राट जस्टिनियनच्या काळातील युद्धांचा आणि इमारतींचा इतिहास त्याने उघडपणे लिहिला. त्याचबरोबर सम्राट, सम्राज्ञी थिओडोरा आणि सेनापती बेलिसारियस यांच्या दुष्कृत्यांची एक स्वतंत्र बखर त्याने लिहून ठेवली. ती त्याच्या हयातीत प्रकाशात आली नाही. या ग्रंथाचे हस्तलिखित पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडले आणि १६२३ मध्ये छापले गेले. 'गुप्त इतिहास' या अर्थाच्या नावाने तो ओळखला जातो. टार्ट यांचे शीर्षक त्यावरून आलेले आहे. बाहेरून भव्य दिसणाऱ्या दरबाराची आतली हकीगत त्याच दरबारातल्या माणसाने लिहावी, हे प्रोकोपियसचे सूत्र कादंबरीच्या निवेदकालाही तंतोतंत लागू पडते. लेखनकाळात टार्ट यांनी या पुस्तकासाठी 'द गॉड ऑफ इल्यूजन्स' असे दुसरे नाव योजले होते.

लेखिका आणि पार्श्वभूमी

डॉना टार्ट यांचा जन्म २३ डिसेंबर १९६३ रोजी मिसिसिपी राज्यातील ग्रीनवुड येथे झाला. मिसिसिपी विद्यापीठात एक वर्ष काढल्यावर १९८२ मध्ये त्या व्हरमाँटमधील बेनिंग्टन कॉलेजात दाखल झाल्या आणि १९८६ मध्ये पदवीधर झाल्या. बेनिंग्टन हे लहान, खर्चिक आणि कलाविषयांसाठी प्रसिद्ध असलेले महाविद्यालय आहे. १९३२ मध्ये ते केवळ मुलींसाठी सुरू झाले. १९६९ पासून तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. टार्ट तेथे क्लॉड फ्रेडरिक्स यांच्याकडे प्राचीन ग्रीक शिकल्या. ब्रेट ईस्टन एलिस, जिल आयझेनस्टॅट आणि जोनाथन लेथम हे पुढे लेखक म्हणून नावारूपाला आलेले विद्यार्थी त्याच काळात बेनिंग्टनमध्ये होते. कादंबरीचे लेखन टार्ट यांनी विद्यार्थिदशेतच सुरू केले आणि प्रसिद्धीपर्यंत सुमारे दशकभर ते चालू राहिले. पुस्तक एलिस आणि पॉल मॅक्ग्लॉइन यांना अर्पण केलेले आहे.

हॅम्पडेनचे आवार बेनिंग्टनवरून घेतलेले आहे, हे सहज ओळखू येते. एलिस यांच्या 'द रूल्स ऑफ अट्रॅक्शन' (१९८७) या कादंबरीतील कॅम्डेन कॉलेजही त्याच मुशीतले. टार्ट यांच्या पुस्तकाच्या पाच वर्षे आधी निघालेल्या त्या कादंबरीत अभिजात भाषांच्या विक्षिप्त विद्यार्थ्यांच्या एका टोळक्याचा ओझरता उल्लेख येतो. ही मंडळी रानोमाळ हिंडून शेतकऱ्यांचे बळी देत असतील, अशी त्यांची तेथे थट्टा केलेली आहे. मित्राच्या अप्रकाशित हस्तलिखिताकडे केलेला तो इशारा होता.

कथानक

रिचर्ड पेपन हा कॅलिफोर्नियातील प्लेनो या रुक्ष गावातला मुलगा. वडिलांचा पेट्रोल पंप आहे. घरात पैसा बेताचा आणि प्रेमही बेताचेच. माहितीपत्रकातील छायाचित्रे पाहून तो हॅम्पडेनला येतो. ग्रीक भाषा त्याने आधी थोडी शिकलेली असते, परंतु ग्रीकचे प्राध्यापक ज्युलियन मॉरो फक्त पाच विद्यार्थी घेतात आणि सहाव्याला नकार देतात. ते पाच जण आवारात इतरांपासून फटकून राहतात. हेन्री विंटर हा अफाट विद्वान आणि धनाढ्य आहे. फ्रान्सिस ॲबरनॅथीकडे वडिलोपार्जित संपत्ती आणि मावशीचे खेड्यातले मोठे घर आहे. चार्ल्स आणि कॅमिला मॅकॉले ही व्हर्जिनियात आजीने वाढवलेली अनाथ जुळी भावंडे. पाचवा एडमंड कॉर्कोरन; त्याला सगळे बनी म्हणतात.

एके दिवशी ग्रंथालयात ही मंडळी ग्रीक वाक्यरचनेतील विभक्तीच्या एका पेचावर अडलेली असतात. जवळच बसलेला रिचर्ड भीत भीत सप्तमीचा पर्याय सुचवतो आणि तेवढ्या बळावर त्या वर्तुळाचे दार त्याच्यासाठी किलकिले होते. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला या प्रसंगाची गंमत विशेष कळेल: खुनापर्यंत जाणाऱ्या वाटेचे पहिले पाऊल व्याकरणातले आहे.

ज्युलियनच्या वर्गात डायोनिससच्या उपासनेची, 'स्व' हरपून टाकणाऱ्या उन्मादाची चर्चा होते. हेन्री ती चर्चा शब्दशः घेतो. उपवास, मद्य, मंत्रपठण असे अनेक प्रयोग केल्यावर बनीला वगळून चौघे जण एका रात्री तो प्राचीन विधी खरोखर पार पाडतात, आणि त्या उन्मादात त्यांच्या हातून एका अनोळखी शेतकऱ्याचा मृत्यू होतो. रक्ताने माखून परतलेल्या चौघांना बनी पाहतो. गाडीखाली हरीण सापडल्याची थाप काही दिवस टिकते. पुढे रोमच्या सहलीत हेन्रीची लॅटिनमधील रोजनिशी त्याच्या हाती लागते आणि संशयाची खात्री होते.

येथून बनीचे छळणे सुरू होते. तो हेन्रीच्या पैशावर चैन करतो, चारचौघांत सूचक विनोद करतो, प्रत्येकाच्या दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवतो. दारूच्या नशेत तो कोणापाशी काय बोलून जाईल याचा नेम उरत नाही. हेन्री आधी विषारी अळंब्यांचा विचार करतो; अखेर एप्रिलमध्ये दरीच्या काठावर बनीला गाठून ढकलून दिले जाते. त्या वेळी रिचर्ड तेथे हजर असतो. त्याच रात्री अवकाळी बर्फ पडतो आणि अपघात म्हणून लगेच सापडावे अशा बेताने टाकलेले प्रेत दहा दिवस सापडत नाही. अमेरिकेची केंद्रीय तपासयंत्रणा, पत्रकार आणि शेकडो स्वयंसेवक त्या लहानशा गावात उतरतात.

दुसरा खंड या शोधापासून पुढे जातो. बनीच्या घरचा अंत्यविधी, चार्ल्सचे वाढते मद्यपान, त्याचे बहिणीशी असलेले संबंध आणि हेन्रीविषयीचा मत्सर यांतून गट आतून कुजत जातो. बनीने मरणापूर्वी ज्युलियनला टाकलेले एक पत्र उशिरा पोहोचते. हेन्री आपल्याला मारील अशी भीती त्यात व्यक्त केलेली असते. ज्युलियनला ते आधी कोणाची तरी थट्टा वाटते. एका पानावरील रोमच्या हॉटेलाचे छापील नाव दिसल्यावर ते खरे असल्याचे त्याला उमगते आणि तो निघून जातो. शेवटी चार्ल्स पिस्तूल घेऊन हेन्रीवर चालून येतो. झटापटीत रिचर्डच्या पोटात गोळी लागते आणि हेन्री स्वतःवर गोळी झाडून मरतो. कायद्याची शिक्षा कोणालाच होत नाही. सहा जणांपैकी हॅम्पडेनची पदवी एकट्या रिचर्डला मिळते. फ्रान्सिस आजोबांच्या धाकाने नको असलेल्या लग्नाकडे ढकलला जातो आणि आत्महत्येचा प्रयत्न करतो. चार्ल्स टेक्सासकडे निघून जातो. कॅमिला आजीची शुश्रूषा करत राहते आणि हेन्रीवरील प्रेमाचे कारण देऊन रिचर्डची मागणी नाकारते.

निवेदक रिचर्ड

कादंबरी वाचताना एका गोष्टीचे भान ठेवावे लागते: आपल्याला जे कळते ते सर्व रिचर्डकडून कळते, आणि रिचर्ड सराईत खोटे बोलणारा आहे. हॅम्पडेनला आल्याबरोबर तो स्वतःचे बालपण नव्याने रचतो. पेट्रोल पंपाच्या जागी संत्र्यांच्या बागा आणि सिनेमातल्या ओळखी येतात. कपड्यांसाठी तो थापा मारून पैसे मिळवतो. हिवाळ्याच्या लांब सुट्टीत घरी जाण्याऐवजी छताला भोक पडलेल्या एका गोदामात विनाशेगडीचा राहतो, पण आपल्याकडे पैसे नाहीत हे कोणाला सांगत नाही. तेथे तो न्यूमोनियाने मरणार तोच रोमहून परतलेला हेन्री त्याला उचलून रुग्णालयात नेतो. हा प्रसंग कादंबरीतल्या सर्वांत प्रभावी प्रसंगांपैकी एक आहे, आणि पुढच्या अनर्थाची खरी किल्लीही त्यातच आहे. ज्याने जीव वाचवला त्याच्या गुन्ह्यात सामील होताना रिचर्डला आपण गुन्हा करतो आहोत असे वाटतच नाही. आपण ऋण फेडतो आहोत, आपल्याला आपले मानले गेले आहे, असे वाटते. हेन्रीने हा हिशोब आधीच केला होता की नाही, हे लेखिकेने मोकळे ठेवले आहे.

ॲरिस्टॉटलच्या शोकांतिकाविचारात नायकाच्या नाशाला कारण होणाऱ्या प्रमादाला 'हमार्तिया' अशी संज्ञा आहे. पुढील काळात तिचा अर्थ 'स्वभावातील घातक दोष' असा रूढ झाला. रिचर्ड पहिल्या प्रकरणाच्या आरंभीच आपला दोष कबूल करतो. जे चित्रासारखे सुंदर दिसते त्याची कोणत्याही किमतीला असलेली अनावर ओढ, हा तो दोष. ही कबुली प्रामाणिक वाटते आणि म्हणूनच ती फसवी आहे. सौंदर्याच्या वेडापायी बिघडलेला तरुण, हे वर्णनसुद्धा सुंदरच आहे. त्यात 'मी एका माणसाच्या खुनाच्या वेळी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो' हे साधे वाक्य झाकले जाते. अविश्वसनीय निवेदक हे तंत्र जुने आहे. टार्ट यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांचा निवेदक घटनांविषयी फारसे खोटे बोलत नाही. कोणत्या घटनेवर किती वेळ थांबायचे, याच्यात तो खोटेपणा करतो.

बनीशी त्याचे नाते याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बनीचे कुटुंब श्रीमंतीचा थाट मिरवते, परंतु मुलांना पैसे देत नाही. बनीही मित्रांच्या जिवावर जगणारा आहे. म्हणजे या वर्तुळात सोंग घेतलेले दोघे आहेत आणि त्यांतला एक दुसऱ्याला बरोबर ओळखतो. रिचर्डच्या तथाकथित शाळेविषयी आणि घराविषयी बनी चारचौघांत खोचक प्रश्न विचारत राहतो. बनी उथळ, आळशी, दुराग्रही आहे. जॉन डन या कवीवरील निबंधात त्याने 'मेटाहेमेरॅलिझम' अशी स्वतःच बनवलेली, कोणालाही अर्थ न कळणारी संज्ञा घुसडलेली असते आणि त्या प्रसंगावर वाचक मनमुराद हसतो. परंतु त्या गटात सत्याचा उच्चार करणारा तो एकटाच उरतो, हेही तितकेच खरे. त्याला मारण्याची गरज हेन्रीला तुरुंगाच्या भीतीने वाटली असेल. रिचर्डला ती आपले सोंग उघडे पडण्याच्या भीतीनेही वाटली, असे वाचायला कादंबरीत पुरेसा आधार आहे.

ज्युलियन मॉरो

गुरू आणि शिष्य यांचे नाते हा या कादंबरीचा गाभा मानला, तर ज्युलियन मॉरो हे तिच्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र ठरते. तो मधुर बोलतो, खोली फुलांनी भरून ठेवतो आणि वर्षाला एक डॉलर एवढेच वेतन ठेवून बाकीचे महाविद्यालयाला परत करतो. त्याच्याकडे शिकायचे तर जवळपास सर्व विषय त्याच्याकडेच घ्यावे लागतात, बाकीच्या प्राध्यापकांशी संबंध तोडावे लागतात. अध्यापनक्षेत्राशी परिचय असलेल्या कोणालाही हे लक्षण धोक्याचे वाटावे. विद्यार्थ्याला एकाच माणसाच्या खोलीत कोंडून घेणारे शिक्षण कितीही उच्च दर्जाचे असले, तरी त्याला प्रश्न विचारणारे दुसरे कोणी उरत नाही. हेन्रीचे उदाहरण पुरेसे आहे. त्याला सात-आठ भाषा येतात, तो मिल्टनचे महाकाव्य लॅटिनमध्ये उतरवतो आहे, आणि माणूस चंद्रावर जाऊन आला आहे हे त्याला ठाऊकच नाही.

ज्युलियन विद्यार्थ्यांना खून करायला शिकवत नाही. तो त्यांना एवढेच शिकवतो की, उदात्त अनुभव सामान्य नीतीच्या पलीकडचा असतो आणि तो घेण्याची पात्रता थोड्यांचीच असते. पत्र खरे असल्याचे कळल्यावर तो पोलिसांकडे जात नाही, मुलांना जाबही विचारत नाही. वर्ग अर्धा टाकून देश सोडतो. त्याला वडिलांहून अधिक मानणाऱ्या हेन्रीच्या मनावरचा हा सर्वांत मोठा आघात आहे. ज्युलियनच्या पलायनाला काही वाचक नैतिक घृणा समजतात. कादंबरीतला मजकूर त्या अर्थाला फारसा पाठिंबा देत नाही. आपल्या सुखावह जगात कुरूप गोष्ट शिरली, एवढेच त्याला सहन झालेले दिसत नाही. रिचर्डही पुढे अनिच्छेने याच निष्कर्षापर्यंत येतो.

दोन मृत्यू

कादंबरीत खून एक नाही, दोन आहेत, आणि त्यांना मिळालेल्या जागेतला फरक हे तिचे सर्वांत महत्त्वाचे विधान आहे. बनीच्या मृत्यूभोवती सगळे पुस्तक फिरते. त्याचा शोध, त्याच्यासाठी जमलेली गर्दी, त्याची ओळखही नसलेल्या विद्यार्थ्यांचा गाजावाजा करून केलेला शोक, बनीला अरबांबरोबर पाहिल्याचा दावा करून प्रसिद्धी मिळवणारा गाडीदुरुस्तीवाला, अंत्यविधीतला कॉर्कोरन कुटुंबाचा थाट, या सर्वांचे टार्ट यांनी सविस्तर आणि अनेकदा बोचऱ्या विनोदाने वर्णन केले आहे. शेतकऱ्याच्या वाट्याला एक बातमी आणि काही संवाद येतात. त्याचे नाव ओझरते येऊन जाते. त्याच्या घरी कोण होते, त्याच्यासाठी कोण रडले, हे रिचर्डला समजून घ्यावेसे वाटत नाही आणि म्हणून वाचकालाही समजत नाही.

विधीची हकीगत सांगताना हेन्रीच्या बोलण्यात अनुभव यशस्वी झाल्याचे समाधान स्पष्ट दिसते. मृत्यू ही त्याला जडलेली एक अडचण आहे. व्हरमाँटच्या ज्या रानात ही मुले प्राचीन ग्रीस शोधत होती, ते रान कोणाच्या तरी रोजच्या कष्टाची जमीन होती, हा विचार त्या वर्तुळात कोणाला शिवत नाही. रिचर्डलाही नाही, आणि तो तर पेट्रोल पंपवाल्याचा मुलगा आहे. तो ज्या वर्गातून आला त्याच्या जवळचा माणूस या कथेत मेलेला शेतकरी आहे. वर चढण्यासाठी त्याला त्याच्याकडे पाठ फिरवावी लागते. अभिजनवाद म्हणजे नुसता तोरा नव्हे. कोणाच्या मरणाचे दुःख करायचे आणि कोणाचे मरण तपशील म्हणून सोडून द्यायचे, हे ठरवण्याची ती सवय आहे. कादंबरी संपवल्यावर बहुतेक वाचकांना बनीचे टोपणनाव आठवते आणि शेतकऱ्याचे नाव आठवत नाही. लेखिकेने वाचकालाही त्या वर्तुळात कसे बेमालूम ओढून घेतले, हे तेथे लक्षात येते. शेतकऱ्याचा विसर हा लेखिकेचाच दोष आहे, निवेदकाचा नव्हे, असाही आक्षेप घेता येईल. परंतु बनीच्या अंत्यविधीचे वर्णन ज्या उपरोधाने केले आहे, ते पाहता ही विषमता हेतुपूर्वक ठेवलेली आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

ग्रीक आधार

विधीच्या प्रसंगामागे युरिपिडीसचे 'बॅकी' हे नाटक आहे. नाटककाराच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये, ते अथेन्समध्ये सादर झाले. थीब्ज नगरीचा राजा पेंथियस डायोनिसस देवाला मानत नाही. देवाच्या उन्मादाने भारलेल्या स्त्रिया त्याला रानात फाडून टाकतात आणि त्यांचे नेतृत्व करणारी त्याची आई अगावे आपण सिंह मारला अशा समजुतीत मुलाचे शिर मिरवत नगरात येते. नंतर तिला शुद्ध येते आणि आपल्या हातात काय आहे ते दिसते. हा क्षण त्या नाटकाचा परमोच्च बिंदू आहे.

टार्ट यांनी नाटकातला उन्माद घेतला आणि हा क्षण मात्र त्यांच्या पात्रांना नाकारला. चौघांना शुद्ध येते, समोर प्रेत दिसते, पण आपण कोणाला मारले हे त्यांना उमगत नाही, कारण मेलेला माणूस त्यांचा कोणी नाही. पेंथियसचा गुन्हा देवाला नाकारण्याचा होता. शेतकऱ्याने काहीच केलेले नाही. ग्रीक शोकांतिकेत ओळख पटल्याने जे दुःखद ज्ञान मिळते, ते येथे घडत नाही, म्हणून विरेचनही होत नाही. उरते ते केवळ भय आणि पुरावा लपवण्याची धडपड. ग्रीक साहित्य तोंडपाठ असलेल्या या विद्यार्थ्यांना त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली नाही, असा याचा अर्थ होतो.

पुस्तकाच्या आरंभी नीत्शे आणि प्लेटो यांची अवतरणे आहेत. नीत्शेने 'शोकांतिकेचा जन्म' (१८७२) या ग्रंथात संयम आणि आकार यांचा देव अपोलो आणि उन्मादाचा देव डायोनिसस या दोन प्रवृत्तींच्या संयोगातून ग्रीक शोकांतिका निर्माण झाल्याचे मांडले. हेन्रीचे व्यक्तिमत्त्व या दोहोंच्या विचित्र मिश्रणातून घडवलेले दिसते: उन्मादाची रात्र तो वेळापत्रक आखून घडवून आणतो.

शैली

टार्ट यांचे गद्य संथ, लयबद्ध आणि तपशिलांनी भरलेले आहे. ऋतूंची वर्णने विशेष उल्लेखनीय आहेत. व्हरमाँटची शरद आणि बर्फ ही कथानकाला वळण देणारी शक्ती म्हणून येतात. काळाचा नेमका उल्लेख कोठेही नाही. वातावरण १९८० च्या दशकाचे आहे, परंतु नायकमंडळी कोट, टाय आणि शाईची पेने वापरून जणू त्याच्या बाहेरच राहतात. खुनानंतरचा भाग लांबला आहे, ही तक्रार अनेकदा केली जाते आणि ती अगदीच निराधार नाही. मात्र गुन्ह्यानंतरचा कंटाळा, निद्रानाश, दारू आणि परस्परसंशय यांचा गुदमरवणारा अनुभव या लांबणीशिवाय आला नसता. स्त्रीपात्रांच्या बाबतीत कादंबरी उणी पडते. कॅमिला शेवटपर्यंत पुरुषांच्या नजरेतूनच दिसते. निवेदक रिचर्ड असल्याने ते स्वाभाविक आहे, हे स्पष्टीकरण अंशतःच पटते.

प्रकाशन आणि स्वागत

नवोदित लेखिकेच्या मानाने या पुस्तकाचा व्यवहार असाधारण होता. टार्ट यांना साडेचार लाख डॉलरची आगाऊ रक्कम मिळाली आणि पहिली आवृत्ती ७५,००० प्रतींची निघाली. प्रसिद्धीपूर्वीच नियतकालिकांतून लेखिकेविषयी एवढे लिहून आले की, पुस्तकाआधी तिची प्रतिमाच विकली जात असल्याची टीका झाली. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षक मिचिको काकुतानी यांनी कादंबरीची प्रशंसा करताना दस्तयेव्हस्कीची 'गुन्हा आणि शिक्षा', युरिपिडीसचे 'बॅकी', एलिस यांची 'द रूल्स ऑफ अट्रॅक्शन' आणि एव्हलिन वॉ यांची 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड' यांच्या मिश्रणाशी तिची तुलना केली. पुस्तक लवकरच खपाच्या याद्यांत आले, अनेक भाषांत अनुवादित झाले आणि त्याच्या आवृत्त्या आजही निघत आहेत. टार्ट यांची दुसरी कादंबरी 'द लिटल फ्रेंड' २००२ मध्ये आणि तिसरी 'द गोल्डफिंच' २०१३ मध्ये आली. तिसरीला २०१४ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

उत्तरप्रभाव

गेल्या दशकात या कादंबरीला नव्या पिढीचा मोठा वाचकवर्ग लाभला. समाजमाध्यमांवर 'डार्क ॲकॅडेमिया' नावाची एक अभिरुची रूढ झाली असून २०२० च्या सुमारास, टाळेबंदीत महाविद्यालये बंद असताना, तिचा विशेष प्रसार झाला. जाड लोकरीचे कोट, मेणबत्तीच्या उजेडातली जुनी पुस्तके, दगडी इमारती, लॅटिन आणि ग्रीकचे आकर्षण अशी तिची लक्षणे आहेत आणि 'द सीक्रेट हिस्टरी' हा तिचा मूलग्रंथ मानला जातो. एम. एल. रिओ यांच्या 'इफ वी वेअर व्हिलन्स' (२०१७) यासारख्या पुढील कादंबऱ्यांवर तिची छाया स्पष्ट आहे. जे दिसण्याच्या मोहाने रिचर्डचा घात केला, तेच दिसणे तिच्या चाहत्यांनी उचलले, हा विरोधाभास समीक्षकांनी वारंवार नोंदवला आहे. एवढे मात्र मान्य करावे लागेल की, त्या निमित्ताने कित्येक तरुण वाचक युरिपिडीसपर्यंत पोहोचले.

कादंबरीवर अद्याप चित्रपट झालेला नाही. प्रसिद्धीच्या सुमारास दिग्दर्शक ॲलन पाकुला यांनी हक्क घेतले होते. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे ग्विनेथ पाल्ट्रो आणि त्यांचे बंधू जेक यांनी हाती घेतलेला प्रकल्पही पूर्ण झाला नाही. कादंबरीची ध्वनिमुद्रित आवृत्ती मात्र उपलब्ध आहे. तिचे वाचन स्वतः डॉना टार्ट यांनी केले असून रिचर्डची कबुली त्यात त्यांच्या मिसिसिपीच्या हेलात ऐकू येते.